अनिश्चितता, उष्णता आणि एन्ट्रॉपी : एका लाडक्या वाक्याची तपासणी



उष्मागतिकीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य दरवर्षी हमखास भेटते : ‘कणाचे स्थान आणि संवेग एकाच वेळी अचूक ठरत नाहीत, म्हणून निसर्गात एन्ट्रॉपी आहे.’ शब्द थोडे मागेपुढे होतात, आशय तोच. या वाक्याला मी कितीतरी वर्षे पूर्ण गुण दिले. द्यावेच लागत होते, कारण वर्गात ते मीच सांगितले होते.

मी यंत्र अभियांत्रिकीची शिक्षिका आहे. बॉयलर, टर्बाइन आणि रेफ्रिजरेशन हे माझे रोजचे विषय. क्वांटम मेकॅनिक्स मी पदवीच्या पहिल्या वर्षात शिकले आणि पुढे गरजेपुरते वाचत राहिले. एन्ट्रॉपी शिकवताना वर्गाचे चेहरे कोरे पडले की हे वाक्य कामी यायचे. हायझेनबर्गचे नाव ऐकले की मुले सावरून बसतात आणि एन्ट्रॉपी एकदम खोल वाटू लागते.

एका वर्षी उष्मागतिकीच्या तिसऱ्या नियमाचा तास चालू होता. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘‘मॅडम, शून्य केल्विनला अनिश्चितता संपते का?’’ मी म्हटले, ‘‘नाही, ती कधीच संपत नाही.’’ तो म्हणाला, ‘‘मग तिथे एन्ट्रॉपी शून्य कशी होते?’’ तास संपायला दहा मिनिटे होती. मी ‘पुढच्या तासाला बघू’ म्हणून वेळ मारून नेली. त्या दहा मिनिटांचे देणे अजून बाकी आहे, ते या टिपणात फेडते.

वाक्य नीट वाचले तर त्यात तीन वेगवेगळे दावे एकत्र बांधलेले दिसतात.

(१) जिथे अनिश्चितता आहे तिथे एन्ट्रॉपी आहे.
(२) एन्ट्रॉपीच्या सूत्रात प्लँकचा स्थिरांक येतो तो अनिश्चितता तत्त्वामुळे.
(३) उष्मागतिकीचा दुसरा नियम अनिश्चिततेवर उभा आहे.

तिन्ही दावे स्वतंत्रपणे तपासू. पहिला चुकीचा आहे. दुसरा अर्धवट आहे, आणि त्याची चूक आकड्यात मोजता येते. तिसऱ्यात खरोखर काहीतरी आहे, पण तो सहसा उलट्या बाजूने सांगितला जातो.

पहिला दावा : अनिश्चितता म्हणजेच एन्ट्रॉपी?

सर्वांत सोपी प्रणाली घेऊ : स्प्रिंगला बांधलेल्या गोळीसारखा क्वांटम दोलक. त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या समान अंतरावर असतात. तळाच्या पायरीला शून्य क्रमांक देऊ. त्या पायरीवर स्थान आणि संवेग यांच्या प्रमाण विचलनांचा गुणाकार अर्धा एच-बार असतो. (प्लँकच्या स्थिरांकाला दोन पायने भागले की एच-बार मिळतो.) अर्धा एच-बार ही निसर्गाने घालून दिलेली किमान मर्यादा. क्रमांक एकच्या पायरीवर हा गुणाकार दीड एच-बार, क्रमांक दोनवर अडीच.

आता दोन दोलक शेजारी ठेवा. पहिला नेमका क्रमांक एकच्या पायरीवर आहे, आणि तो तिथे आहे हे पक्के आहे. दुसरा एका उष्णतासाठ्याशी समतोलात आहे. साठ्याचे तापमान असे निवडले आहे की दोलकाचा सरासरी पायरी-क्रमांक बरोबर एक यावा. त्यासाठी दोन पायऱ्यांमधील ऊर्जेचे अंतर, बोल्ट्झमन स्थिरांक आणि तापमान यांच्या गुणाकाराच्या ०.६९३ पट असावे लागते. ०.६९३ म्हणजे २ चा नैसर्गिक लॉगरिदम.

दोन्ही दोलकांत अनिश्चिततेचा गुणाकार सारखाच भरतो : दीड एच-बार. एन्ट्रॉपी मात्र पहिल्याची शून्य आणि दुसऱ्याची बोल्ट्झमन स्थिरांकाच्या १.३८६ पट आहे. पहिला दोलक कोणत्या अवस्थेत आहे याविषयी शंकाच नाही, म्हणून त्याची एन्ट्रॉपी शून्य. दुसरा अनेक पायऱ्यांवर विखुरलेला आहे : निम्मी शक्यता तळाची, पाव शक्यता पुढच्या पायरीची, अष्टमांश त्यापुढची, आणि असेच पुढे. अनिश्चितता सारखी आणि एन्ट्रॉपी वेगळी. एवढ्या एका उदाहरणावर पहिला दावा बाद होतो.

दोन शब्दांचे अर्थ इथे वेगळे करून ठेवा. अनिश्चितता तत्त्व एका अवस्थेविषयी बोलते : अवस्था पूर्ण ठाऊक असली तरी स्थान आणि संवेग या दोन्ही मोजमापांची उत्तरे त्या अवस्थेत टोकदार नसतात. एन्ट्रॉपी विचारते की प्रणाली कोणकोणत्या अवस्थांत, कोणत्या शक्यतांनी वाटली गेली आहे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२७ साली क्वांटम एन्ट्रॉपीची जी व्याख्या केली, तिच्यात हा फरक पक्का बसवलेला आहे. शुद्ध अवस्थेची एन्ट्रॉपी शून्य, मग त्या अवस्थेत स्थान कितीही पसरलेले असो.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळते. शून्य केल्विनकडे जाताना दोलक तळाच्या पायरीवर स्थिरावतो. अर्धा एच-बार शिल्लक राहतो आणि एन्ट्रॉपी शून्याकडे जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

याचा प्रत्यक्ष नमुना म्हणजे हेलियम. लायडन येथे कामरलिंग ओन्नेस यांनी १९०८ साली तो द्रवरूप केला. मग त्यांनी तापमान आणखी खाली नेले, तरी तो गोठला नाही. घनरूप हेलियम मिळवण्यासाठी १९२६ साल उजाडले. लायडनमध्येच केसोम यांनी दाब वाढवून तो मिळवला. शून्य केल्विनच्या अगदी जवळही हेलियम गोठवण्यासाठी सुमारे २५ वातावरणांचा दाब लागतो. अणू हलका आणि अणूंमधील आकर्षण क्षीण, म्हणून तळाच्या अवस्थेतली हालचालच स्फटिकाची जाळी टिकू देत नाही.

इथे अनिश्चितता नुसती आहे असे नाही, तिने पदार्थाला द्रवरूप ठेवले आहे. तरीही तापमान शून्याकडे नेताना त्या द्रवाची एन्ट्रॉपी शून्याकडेच जाते. तळाची ती हालचाल उष्णता नव्हे, कारण तिच्यातून कोणत्याही थंड वस्तूकडे काही वाहून नेता येत नाही. ‘अणू हलतात म्हणजे उष्णता आहे’ हे आपले शाळेतले समीकरण इथे सोडावे लागते.

दुसरा दावा : प्लँकचा स्थिरांक कुठून आला?

अभियंत्याला एन्ट्रॉपीत प्लँकचा स्थिरांक सहसा दिसत नाही. स्टीम टेबल उघडा. त्यात ०.०१ अंश सेल्सिअसच्या त्रिकबिंदूवर द्रव पाण्याची एन्ट्रॉपी शून्य धरलेली असते आणि बाकीचे सगळे आकडे तिथून मोजलेले असतात. टर्बाइनला फरकच लागतो, आणि फरक काढताना स्थिरांक वजा होऊन जातो. आदर्श वायू दुप्पट पसरला की एक मोलची एन्ट्रॉपी ०.६९३ गुणिले वायू स्थिरांक इतकी वाढते. या हिशेबात प्लँक कुठेच नाही. क्लॉसियसने १८६५ साली एन्ट्रॉपी हा शब्द घडवला तेव्हा प्लँक सात वर्षांचा होता.

एन्ट्रॉपीचा पूर्ण आकडा हवा असेल तर मात्र स्थिरांक लागतो. ऑटो साकुर आणि ह्यूगो टेट्रोड यांनी १९११-१२ च्या सुमारास एकअणू वायूचे सूत्र स्वतंत्रपणे मांडले. त्यात स्थान आणि संवेग यांच्या एकत्रित अवकाशाचे, म्हणजे फेज स्पेसचे, छोटे कप्पे पाडले जातात. एका मितीत एका कप्प्याचे क्षेत्रफळ एक प्लँक स्थिरांक, तीन मितींत त्याचा घन.

या क्रमात भारतीय वाचकाला दोन ओळखीची नावे भेटतात. मेघनाद साहा यांच्या १९२० च्या आयनीभवनाच्या समीकरणात हाच घन आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून आइन्स्टाइनकडे पाठवलेल्या आणि १९२४ साली जर्मनीत छापल्या गेलेल्या शोधनिबंधात प्रकाशकणांची मोजदाद याच कप्प्यांनी केली आहे. हायझेनबर्गचा अनिश्चिततेचा लेख १९२७ चा. म्हणजे साकुर, टेट्रोड, साहा आणि बोस या चौघांनीही अनिश्चितता तत्त्वाशिवाय हा स्थिरांक वापरला.

कालक्रमावरून तर्कदोष सिद्ध होत नाही, हे मान्य. एखादी गोष्ट आधी वापरात येते आणि तिचे कारण मागाहून कळते. म्हणून आकड्यानेच बघू.

आरगॉन घ्या : तापमान २९८.१५ केल्विन, दाब १ बार. अणूची औष्णिक तरंगलांबी सुमारे १६ पिकोमीटर येते. एका अणूच्या वाट्याला येणारे आकारमान त्या तरंगलांबीच्या घनाच्या सुमारे एक कोटी पट आहे. त्या पटीचा नैसर्गिक लॉगरिदम १६.१२, त्यात अडीच मिळवा आणि ८.३१४ ने गुणा. उत्तर येते १५४.८ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. कोष्टकांतला आकडाही हाच आहे.

आता दुसरा दावा शब्दशः खरा मानू आणि म्हणू की कप्प्याचा आकार अनिश्चिततेच्या किमान गुणाकाराइतका, म्हणजे अर्धा एच-बार. हा आकार प्लँक स्थिरांकापेक्षा चार पाय पटींनी, म्हणजे सुमारे १२.५७ पटींनी लहान. कप्पे लहान झाले की त्यांची संख्या वाढते. तीन मितींचा परिणाम धरला तर एन्ट्रॉपी ६३.१ ज्यूलने फुगते आणि आरगॉनचा आकडा २१७.९ येतो. प्रत्यक्षातल्या आकड्यापेक्षा हा चाळीस टक्क्यांनी जास्त आहे. परीक्षेत एवढी चूक केली तर मी तुम्हाला गुण देणार नाही, आणि हीच चूक मी वर्षानुवर्षे शब्दांत करत होते.

बरोबर कारण मोजणीत आहे. दोलकाच्या दोन लागोपाठच्या पायऱ्यांचे मार्ग फेज स्पेसमध्ये काढले तर दोन लंबवर्तुळे मिळतात. त्यांच्या मधल्या पट्ट्याचे क्षेत्रफळ नेमके एक प्लँक स्थिरांक असते. एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या ओळखता येणाऱ्या अवस्था किती, याची ती मोजणी आहे. एक अवस्था किती अरुंद करता येते, हा वेगळा प्रश्न आहे. दोन्हींच्या मुळाशी क्वांटम मेकॅनिक्सचे एकच गणित आहे, पण एकातून दुसरे निघते असे म्हणता येत नाही. म्हणून या दाव्याला मी अर्धवट म्हटले.

तिसरा दावा : दुसरा नियम आणि अनिश्चितता

या दाव्याच्या बाजूने एक वजनदार साक्षीदार आहे. एस्थर हेंगी आणि स्टेफनी वेनर यांचा २०१३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेला शोधनिबंध. तेव्हा दोघी सिंगापूरच्या क्वांटम टेक्नॉलॉजीज केंद्रात होत्या. शीर्षकातच निष्कर्ष आहे : अनिश्चितता तत्त्व मोडले तर उष्मागतिकीचा दुसरा नियमही मोडतो. हे टिपण मुख्यतः या निबंधाविषयीच लिहायचे होते. त्याचे शीर्षक माझ्या वाक्याला आधार देते असे मला आधी वाटले होते. गणित करून पाहिल्यावर मत बदलले.

निबंधातले चक्र सर्वसाधारण आहे. त्याचा गाभा कळावा म्हणून मी त्याचा जुना आणि सोपा अवतार घेते. तो फॉन नॉयमन यांच्या १९३२ च्या पुस्तकातल्या अर्धपार्य पडद्यांच्या कल्पनेवर बेतलेला आहे.

एका सिलिंडरमध्ये एक मोल वायू आहे, तापमान ३०० केल्विन. प्रत्येक अणूला स्पिन आहे. डाव्या अर्ध्या भागातल्या सर्व अणूंचा स्पिन ‘वर’, उजव्या अर्ध्या भागातल्या सर्वांचा ‘आडवा’. या दोन दिशांत ९० अंशांचा कोन आहे, पण स्पिनच्या जगात या अवस्था एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या नाहीत. एकाच मोजमापाने ‘हा वर, हा आडवा’ असे खात्रीने सांगता येत नाही. उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांच्या मोजमापांची उत्तरे एकाच अवस्थेत निश्चित असू शकत नाहीत, ही स्पिनची अनिश्चितता.

आता समजा, ती मोडणारा जादूचा पडदा आपल्याकडे आहे. तो ‘वर’ला जाऊ देतो आणि ‘आडव्या’ला अडवतो. दुसरा पडदा याच्या उलट काम करतो. चक्र असे चालेल.

पायरी १ : जादूचे पडदे पिस्टनसारखे सरकू द्या. दोन्ही वायू आपापल्या अर्ध्या जागेतून पूर्ण जागेत पसरतात आणि कार्य करतात. मिळालेले कार्य ०.६९३ गुणिले वायू स्थिरांक गुणिले तापमान, म्हणजे १,७२९ ज्यूल. तेवढी उष्णता साठ्यातून येते.

पायरी २ : आता सिलिंडरमध्ये मिश्रण आहे. क्वांटम मेकॅनिक्स सांगते की हेच मिश्रण दुसऱ्या दोन अवस्थांचे मिश्रण म्हणूनही लिहिता येते. त्या दोन अवस्था एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या आहेत आणि त्यांचे वाटे ०.८५४ आणि ०.१४६ आहेत. त्यांना वेगळे करायला जादू लागत नाही, कायदेशीर पडदे पुरतात. खर्च ०.४१६ गुणिले वायू स्थिरांक गुणिले तापमान, म्हणजे १,०३९ ज्यूल.

पायरी ३ : वेगळ्या झालेल्या दोन्ही भागांतले स्पिन फिरवून सगळे ‘वर’ करा. अवस्थांची ऊर्जा सारखी असल्याने यात कार्य खर्च होत नाही. मधली भिंत काढा, सिलिंडरच्या मध्यावर नवी भिंत घाला आणि उजव्या अर्ध्यातले स्पिन ‘आडवे’ करा. आपण सुरुवातीच्या स्थितीत परत आलो.

हिशेब : एका चक्रात ६९० ज्यूल निव्वळ कार्य, एकाच उष्णतासाठ्यातून. केल्विन-प्लँक विधान मोडले.

या आकड्यांत एक गोष्ट बघण्यासारखी आहे. एखाद्या अणूची ‘वर’च्या चाचणीत पास होण्याची शक्यता आणि ‘आडव्या’च्या चाचणीत पास होण्याची शक्यता यांची सरासरी काढा. अणूची अवस्था कोणतीही असो, ही सरासरी ०.८५४ पेक्षा जास्त होऊ शकत नाही. ही स्पिनच्या अनिश्चिततेची मर्यादा आहे, आणि निबंधात अनिश्चितता याच प्रकारच्या मर्यादांनी मांडलेली आहे. तोच ०.८५४ पायरी २ मध्ये मिश्रणाचा मोठा वाटा म्हणून आला होता. हा योगायोग नाही. मर्यादा आणि मिश्रणाचा मोठा वाटा हे एकाच गणिती राशीचे उत्तर आहे. मला या निबंधाचे सगळ्यात जास्त मोल वाटते ते इथे. अनिश्चितता आणि एन्ट्रॉपी यांचा संबंध त्याने उपमेतून काढून ज्यूलमध्ये मोजता येईल असा केला.

मग माझी हरकत कशाला?

शीर्षक सुटे काढून वाचण्याला. तीन मुद्दे मांडते.

पहिला मुद्दा. अनिश्चितता मुळीच नसलेले एक जग आपल्याला चांगले ठाऊक आहे : अभिजात भौतिकशास्त्र. कार्नो १८२४ साली लिहीत होता, क्लॉसियस १८५० साली. त्यांच्या जगात सगळ्या अवस्था पूर्ण वेगळ्या ओळखता येतात आणि दुसरा नियम तिथेही चालतो. आपल्या चक्रात हे घालून पाहा. ‘वर’ आणि ‘आडवा’ खरोखर वेगळे असतील तर मिश्रणाचे वाटे अर्धे-अर्धे. पायरी १ मध्ये १,७२९ ज्यूल मिळतात, पायरी २ मध्ये १,७२९ ज्यूल खर्च होतात, शिल्लक शून्य.

फायदा तेव्हाच दिसतो जेव्हा पायरी १ चा हिशेब एका सिद्धान्ताने आणि पायरी २ चा दुसऱ्या सिद्धान्ताने केला जातो. गिअरबॉक्समधल्या एकाच चाकाचे दाते बदलले तर पेटी अडकते, जोडीची दोन्ही चाके बदलली तर चालते. निबंध सांगतो ते हेच : बाकी सगळे क्वांटम ठेवून एकटी अनिश्चितता ढिली करता येणार नाही. अनिश्चितता नसती तर दुसरा नियम नसता, असे त्यातून निघत नाही. लेखिकांनी आपली गृहीतके मांडलेली आहेत. शीर्षकावरून वाक्ये बनवणाऱ्या माझ्यासारख्यांनी ती वाचायला हवी होती.

दुसरा मुद्दा दिशेचा. ‘अमुक मोडले तर तमुक मोडते’ याचा तर्कशुद्ध उलटा अर्थ असा : दुसरा नियम टिकत असेल तर अनिश्चिततेच्या मर्यादाही टिकल्या पाहिजेत. म्हणजे इथे आधार दुसरा नियम देतो आहे आणि राखली जाते आहे ती अनिश्चितता. माझ्या वाक्यातल्या ‘म्हणून’ची दिशा याच्या उलट होती.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या नियमात काळाची दिशा आहे. गरम चहा खोलीत थंड होतो, आपणहून तापत नाही. अनिश्चितता तत्त्व एका क्षणाचे विधान आहे. त्यात आधी-नंतर नाही, आणि चित्रफीत उलटी फिरवली तरी ते तसेच खरे राहते. बंदिस्त क्वांटम प्रणाली श्रोडिंजरच्या समीकरणाने चालते तेव्हा तिची फॉन नॉयमन एन्ट्रॉपी जराही वाढत नाही. ज्या विधानात काळाची दिशाच नाही, ते एकटे एन्ट्रॉपीची वाढ समजावू शकत नाही. सिलिंडरचे चक्रही वाढीविषयी काही सांगत नाही. ते एवढेच दाखवते की एक चोरवाट बंद आहे.

तर खरा दुवा कुठे शोधायचा?

दोन ठिकाणी. पहिले ठिकाण आपण ओलांडूनच आलो आहोत. औष्णिक समतोलातल्या दोलकापुरता अनिश्चिततेचा गुणाकार आणि एन्ट्रॉपी यांत नेमका संबंध आहे : एक कळले की दुसरे काढता येते. गुणाकार अर्ध्या एच-बारवर असेल तर एन्ट्रॉपी शून्य. त्यापेक्षा जितका जास्त, तितकी एन्ट्रॉपी जास्त. म्हणजे उष्णतेचा वाटा किमान मर्यादेच्या वरच्या भागात आहे. ‘समतोलात’ हा शब्द गाळला की विधान पडते, हे दोन दोलकांच्या उदाहरणात पाहिलेच.

दुसरे ठिकाण गुंतागुंतीच्या अवस्थांचे, म्हणजे एन्टँगलमेंटचे. दोन स्पिनांची एक पूर्ण गुंतलेली जोडी घ्या. जोडीची एन्ट्रॉपी शून्य, कारण तिची अवस्था पूर्ण ठाऊक आहे. पण त्यातला एकच स्पिन पाहिला तर त्याची एन्ट्रॉपी बोल्ट्झमन स्थिरांकाच्या ०.६९३ पट, म्हणजे एका स्पिनला शक्य तेवढी सगळी. अभिजात जगात असे होत नाही. तिथे संपूर्णाची एन्ट्रॉपी भागाच्या एन्ट्रॉपीपेक्षा कमी असूच शकत नाही.

पोपेस्कू, शॉर्ट आणि विंटर यांनी २००६ साली दाखवले की मोठ्या बंदिस्त प्रणालीची जवळपास कोणतीही शुद्ध अवस्था घेतली, तरी तिचा लहान भाग औष्णिक समतोलात असल्यासारखाच दिसतो. चहाचा पेला आणि खोली मिळून एकच शुद्ध अवस्था असली, तरी एकट्या पेल्याला एन्ट्रॉपी असू शकते. उष्णतेचा क्वांटम पाया शोधायचा तर मी विद्यार्थ्यांना या दिशेने पाठवीन. काळाची दिशा मात्र इथेही फुकट मिळत नाही. सुरुवातीची अवस्था खास होती, हे वेगळे मानावेच लागते.

उत्तरपत्रिकेत काय लिहावे?

माझ्या जुन्या वाक्याच्या जागी मी आता हे सांगते : ‘एन्ट्रॉपी ही प्रणाली किती वेगळ्या ओळखता येणाऱ्या अवस्थांत वाटली गेली आहे याचे माप आहे. क्वांटम मेकॅनिक्स त्या अवस्था मोजण्याचे एकक देते. अनिश्चितता तत्त्व आणि दुसरा नियम एकमेकांशी सुसंगत आहेत, पण एक दुसऱ्याचे कारण नाही.’ वाक्य लांबले आणि त्याचा तोराही गेला. त्याला विचारलेला प्रश्न मात्र ते झेलू शकते.

त्या मुलाला उत्तर द्यायला मला एका तासाऐवजी एक सेमिस्टर लागले. उत्तर दिले तेव्हा त्याने वहीत आरगॉनचा आकडा स्वतः काढून पाहिला, १५४.८ आल्यावर मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला : ‘‘मग मागच्या वर्षी ज्यांनी ते वाक्य लिहिले, त्यांचे गुण?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून हे टिपण सर्वांसाठी खुले ठेवते आहे. तुम्ही ते वाक्य माझ्याकडून किंवा माझ्यासारख्या कोणाकडून शिकला असाल, तर ते वहीतून आजच खोडा.

सरावासाठी

१. क्रमांक दोनच्या पायरीवरचा दोलक आणि सरासरी क्रमांक दोन असलेला औष्णिक दोलक यांची तुलना करा. अनिश्चिततेचा गुणाकार दोन्हींत अडीच एच-बार येतो हे दाखवा. दुसऱ्याची एन्ट्रॉपी बोल्ट्झमन स्थिरांकाच्या १.९१ पट येईल.

२. सिलिंडरच्या चक्रात दोन स्पिनांमधला कोन ९० ऐवजी ६० अंश घ्या. मिश्रणाचे वाटे ०.९३३ आणि ०.०६७ येतात. ३०० केल्विनला एका मोलमागे निव्वळ कार्य सुमारे १,११६ ज्यूल येते का, ते पडताळा.

३. तोच कोन शून्याकडे न्या. बेकायदा फायदा १,७२९ ज्यूलकडे जातो. एकाच वायूचे दोन भाग मिसळून कार्य मिळेल का? गिब्जच्या विरोधाभासाशी याचा संबंध पाच ओळींत लिहा.